प्रतिध्वनीला कोळंबी सापडेल का?



रायगड जिल्ह्यातील चिरनेर हे गाव २५ सप्टेंबर १९३० रोजी झालेल्या जंगल सत्याग्रहामुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. गावाच्या एका अंगाला डोंगर आणि जंगल, तर दुसऱ्या अंगाला थोड्याच अंतरावर खाड्या, खाजणे आणि त्यापलीकडे करंजाचे मच्छीमार बंदर. त्यामुळे या भागातील शाळांत शेतकऱ्यांची, कोळ्यांची आणि कारखान्यांत काम करणाऱ्यांची मुले एकाच बाकावर बसलेली आढळतात. मागे एकदा तेथील विद्यार्थ्यांपुढे 'ध्वनी' या विषयावर बोलण्याचा योग आला. व्याख्यान संपल्यावर नववीतील एक मुलगी आपल्या वडिलांना घेऊन पुढे आली. वडील एका लहान ट्रॉलरचे नाखवा. पावसाळी बंदीचे दिवस होते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून बोट किनाऱ्यावर शाकारून ठेवलेली आणि म्हणूनच नाखव्यांना व्याख्यान ऐकायला सवड मिळालेली.

त्यांनी सरळ प्रश्न केला, "सर, त्या मशीनीत मावरं दिसतं म्हणतात. पण मला कोलंबी पाहिजे. कोलंबी दिसंल का?"

'मशीन' म्हणजे फिश फाइंडर. बोटीचा हप्ता चालू असताना या यंत्राचा आणखी एक हप्ता डोक्यावर घ्यायचा की नाही, याचा निर्णय त्यांना ऑगस्टपूर्वी करायचा होता. यंत्र विकणाऱ्याने 'सगळे दिसते' असे सांगितले होते, तर शेजारच्या नाखव्याने 'काही दिसत नाही' असे सांगितले होते. आता पदार्थविज्ञान काय सांगते, ते त्यांना हवे होते. त्या दिवशी मी त्यांना जे सांगितले तेच येथे थोडे विस्ताराने मांडतो. सोबत कागद-पेन्सिल घेऊन बसा, कारण वाटेत थोडी आकडेमोड आहे.

पाण्यात पाहायचे की ऐकायचे?

मुंबई-रायगडच्या समुद्राचे पाणी गढूळ असते. खाड्यांतून येणारा गाळ भरती-ओहोटीच्या ओढीने सतत ढवळला जातो. अशा पाण्यात प्रकाश फार खोल जात नाही. रेडिओलहरी तर खाऱ्या पाण्यात लगेच शोषल्या जातात, म्हणून विमाने शोधणारे रडार येथे निरुपयोगी ठरते. ध्वनीचे मात्र उलट आहे. हवेत तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर पाण्यात सुमारे १५०० मीटर, आणि फारसा न थकता दूरवर पोचतो.

पाण्यातील हा वेग १८२६ साली कोलाडॉन आणि स्टर्म या दोघांनी जिनिव्हाच्या सरोवरात मोजला. एका नावेतून पाण्यात सोडलेली घंटा वाजवायची आणि त्याच क्षणी बंदुकीची दारू पेटवून उजेड करायचा. १३ किलोमीटरांहून अधिक अंतरावरच्या दुसऱ्या नावेत पाण्यात नळी घालून, तिला कान लावून, उजेड दिसल्यापासून घंटा ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजायचा. साधन इतके साधे, पण उत्तर आले सेकंदाला १४३५ मीटर. थंड गोड्या पाण्यासाठी हे उत्तर आजच्या मोजमापांच्या अगदी जवळ आहे.

पुढची पायरी म्हणजे प्रतिध्वनी. १८८० साली पिएर आणि जाक क्युरी या भावांना असे आढळले की, क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्या पृष्ठांवर विद्युतभार निर्माण होतो. याला दाबविद्युत म्हणतात. याच्या उलट, असा स्फटिक विजेच्या झटक्यांनी थरथरू लागतो. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने हीच थरथर वापरून पाण्यात श्राव्यातीत, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू न येणारे ध्वनी सोडले आणि पाणबुडीवरून परतणारे प्रतिध्वनी टिपले. युद्धानंतर समुद्राची खोली मोजण्यासाठी या युक्तीचा सर्रास वापर होऊ लागला. तळाच्या रेषेच्या वर कधीकधी उमटणारे डाग म्हणजे माशांचे थवे असावेत, अशी शंका येऊ लागली. नॉर्वेच्या ऑस्कर सुंद यांनी १९३५ साली कॉड माशांच्या थव्यांच्या अशा नोंदी प्रसिद्ध केल्या. १९४८ साली जपानमध्ये फुरुनो बंधूंनी मच्छीमारांना वापरता येईल असे यंत्र बाजारात आणले आणि शिशाचा गोळा दोरीला बांधून किती 'वाव' पाणी आहे ते पाहणाऱ्या कोळ्याच्या हाती एक नवे साधन आले.

यंत्र काय करते?

बोटीच्या तळाशी सिरॅमिकची एक चकती बसवलेली असते. ती विजेच्या झटक्याने थरथरते आणि खाली ध्वनीचा एक अगदी छोटा ठोका सोडते. मग ती गप्प राहून ऐकते. परत आलेल्या ध्वनीने ती पुन्हा किंचित थरथरते आणि त्या थरथरीची वीज होते. एकच चकती तोंडाचे आणि कानाचे काम आळीपाळीने करते.

समजा, ठोका सोडल्यानंतर ०.०४ सेकंदांनी तळाचा प्रतिध्वनी आला. ध्वनीने खाली आणि वर मिळून १५०० × ०.०४ = ६० मीटर प्रवास केला. म्हणजे खोली ३० मीटर. आपल्या उबदार, खाऱ्या समुद्रात वेग खरे तर १५४० च्या आसपास असतो. तो धरला तर खोली ३०.८ मीटर येते. मच्छीमाराच्या कामाला एवढा फरक आड येत नाही.

येथे एक गैरसमज दूर करू या. पडदा पाहून पुष्कळांना वाटते की, ते पाण्याखालचे छायाचित्र आहे. ते तसे नाही. प्रत्येक ठोक्याच्या प्रतिध्वनींची एक उभी रेघ पडद्याच्या उजव्या कडेला उमटते आणि जुन्या रेघा डावीकडे सरकतात. म्हणजे पडदा हा बोटीखालून काय गेले याचा इतिहास आहे. बोट थांबली आणि तिच्याखाली एक मासाही थांबला, तर पडद्यावर एक लांबलचक आडवी रेघ दिसेल. तिला लांबलचक मासा समजू नये!

हजारात नऊशे नव्याण्णव आणि हजारात एक

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. प्रतिध्वनी कशामुळे निर्माण होतो? ध्वनी एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना दोघांच्या 'ध्वनिरोधां'त फरक असेल, तर त्याचा काही भाग परत फिरतो. ध्वनिरोध म्हणजे त्या माध्यमाची घनता गुणिले त्यातील ध्वनीचा वेग. परत फिरणारी ऊर्जा काढण्याची रीत सोपी आहे. दोन ध्वनिरोधांच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागा आणि येणाऱ्या संख्येचा वर्ग करा.

प्रथम पाणी आणि हवा घेऊ. समुद्राच्या पाण्याचा ध्वनिरोध १०२५ × १५००, म्हणजे सुमारे १५ लाख. हवेचा १.२ × ३४०, म्हणजे जेमतेम ४००. गणित करून पाहा. हजारातील सुमारे ९९९ भाग ऊर्जा परत फिरते. पाण्याखालच्या ध्वनीला हवेचा पृष्ठभाग म्हणजे जवळजवळ निर्दोष आरसाच.

आता लक्षात घ्या की, बऱ्याच माशांच्या पोटात हवेची एक पिशवी असते. पाण्यात बुडू नये आणि वरही येऊ नये म्हणून मासा तिचा उपयोग करतो. आपल्याकडच्या घोळ माशाच्या या पिशवीला बाजारात किती भाव येतो, हे कोळ्यांच्या मुलांना सांगायला नको. फिश फाइंडरला मासा दिसतो तो मुख्यतः या पिशवीमुळे. ज्यांना पिशवी नाही अशा माशांचा, उदाहरणार्थ आपल्या बोंबलाचा किंवा मुशीचा, प्रतिध्वनी त्यांच्या आकाराच्या मानाने दुबळा असतो.

आणि कोळंबी? तिला हवेची पिशवी नाही, हाडेही नाहीत. आहे ते पाणीदार मांस आणि पातळ कवच. अंटार्क्टिक सागरातील क्रिल या कोळंबीसारख्या प्राण्यावर अशी मोजमापे झालेली आहेत. त्याची घनता पाण्याच्या सुमारे १.०३६ पट आणि त्याच्या शरीरातील ध्वनीचा वेग सुमारे १.०२८ पट आढळला. दोहोंचा गुणाकार १.०६५. आता आपली रीत लावा. फरक ०.०६५, बेरीज २.०६५, भागाकार सुमारे ०.०३१ आणि त्याचा वर्ग सुमारे ०.००१. म्हणजे हजारात एक भाग!

हवेच्या पिशवीवरून हजारातले ९९९ भाग परत येतात, तर कोळंबीच्या अंगावरून एक. हे गणित खरे तर मोठ्या, सपाट पृष्ठभागाचे आहे. लहान, वाटोळ्या शरीराचे गणित अधिक अवघड असते. पण मूळ अडचण यावरून पुरती स्पष्ट होते. ध्वनीच्या दृष्टीने कोळंबी जवळजवळ पाण्यासारखीच आहे. पाण्याने भरलेल्या भांड्यात काचेचा तुकडा जसा चटकन दिसत नाही, तसाच हा प्रकार.

आकाश निळे का, आणि यंत्र कोणते घ्यावे?

दुसरी अडचण आकाराची. बहुतेक यंत्रांत ५० आणि २०० किलोहर्ट्झ अशा दोन वारंवारता असतात. तरंगलांबी म्हणजे वेग भागिले वारंवारता. म्हणून पहिलीची तरंगलांबी ३ सेंटिमीटर आणि दुसरीची साडेसात मिलिमीटर. जवळ्याचे शरीर अवघे काही मिलिमीटर जाड. ३ सेंटिमीटरांच्या लहरीला ते जाणवतही नाही. पुळणीवर रोवलेल्या काडीवरून मोठी लाट जशी सरळ निघून जाते, तशी ती लहर पुढे जाते.

लॉर्ड रॅले यांनी १८७१ साली आकाशाच्या निळेपणाचे कारण सांगताना दाखवून दिले की, तरंगलांबीपेक्षा फार लहान कण लहरींना विखुरतात तेव्हा विखुरण्याचे प्रमाण वारंवारतेच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. ध्वनीलाही असाच नियम लागू पडतो. वारंवारता चौपट केली तर प्रतिध्वनी ४ × ४ × ४ × ४ = २५६ पट व्हायला हवा. २०० किलोहर्ट्झला तरंगलांबी जवळ्याच्या आकाराच्या जवळ येते. तेथे नियम तंतोतंत लागू पडत नाही आणि वाढ इतकी होत नाही. पण ती कितीतरी पट होते, हे निश्चित. सूर्यप्रकाशातील निळा रंग ज्या कारणाने अधिक विखुरतो, जवळपास त्याच कारणाने कोळंबीच्या शोधात उच्च वारंवारता कामी येते.

मग ५० किलोहर्ट्झ ठेवतात कशाला? उच्च वारंवारतेचा ध्वनी पाण्यात लवकर शोषला जातो आणि फार खोल पोचत नाही. परंतु आपल्या किनाऱ्याजवळच्या २०-३० मीटर पाण्यात ही अडचण मोठी नाही. म्हणून उथळ पाण्यात कोळंबीसाठी जाणाऱ्याने २०० किलोहर्ट्झचीच वाट धरावी.

धुके दिसते, थेंब दिसत नाही

एवढे दुबळे प्रतिध्वनी असताना यंत्राला कोळंबी मुळीच दिसणार नाही, असे म्हणावे काय? तसेही नाही. हिवाळ्यात पहाटे पडणारे धुके आठवा. धुक्याचा एक थेंब कोणाला दिसत नाही, पण असंख्य थेंब मिळून समोरचे झाड दिसेनासे करतात. जवळा थव्याने राहतो. एका घनमीटर पाण्यात एका जवळ्याऐवजी हजार जवळे असले, तर परत येणारी ऊर्जाही सरासरीने हजारपट होते. मग पडद्यावर माशाची ठळक कमान दिसत नाही, पण फिकट रंगाचा ढग किंवा धूसर पट्टा दिसतो. अनुभवी नाखवा त्यालाच 'धुके' म्हणतो.

मात्र तसाच पट्टा ढवळलेल्या गाळाचा, जेलीफिशचा, इतर सूक्ष्म जीवांचा किंवा लाटांनी पाण्यात मिसळलेल्या हवेच्या बुडबुड्यांचाही असू शकतो. हे ओळखावे कसे? संशोधक दोन वारंवारतांचे प्रतिध्वनी शेजारी ठेवून पाहतात. क्रिलसारख्या बारीक जिवांचा प्रतिध्वनी उच्च वारंवारतेला बराच वाढतो, तर पिशवीवाल्या माशांचा तेवढा वाढत नाही. अंटार्क्टिक सागरातील क्रिलची मोजदाद करताना ३८ आणि १२० किलोहर्ट्झच्या प्रतिध्वनींतील हा फरकच मुख्यतः वापरतात. नाखव्यालाही ही युक्ती ढोबळपणे वापरता येते. २०० वर दिसणारे धुके ५० वर नाहीसे झाले, तर ते बारीक जिवांचे किंवा गाळाचे असण्याचा संभव अधिक. त्यापुढचा निर्णय जाळ्याने करायचा.

तळाशी लपलेली कोळंबी

सर्वांत मोठी अडचण अजून राहिलीच आहे. मोठी, भाव मिळवून देणारी कोळंबी जवळ्यासारखी पाण्यात तरंगत नाही. तिच्या अनेक जाती दिवसा चिखलात अंग पुरून बसतात आणि अंधार पडल्यावर बाहेर येतात. तळाचा प्रतिध्वनी एवढा जोरदार असतो की, त्याला चिकटून आलेला दुबळा प्रतिध्वनी त्यात बुडून जातो. नाशिक ढोल वाजत असताना शेजारी टाचणी पडली, तर ऐकू येईल का?

यात भूमितीचीही भर पडते. यंत्राचा ध्वनी शंकूच्या आकारात पसरतो. शंकूचा कोन २० अंश धरा आणि खोली ३० मीटर. शंकूच्या मध्याशी तळ ३० मीटरांवर आहे, पण कडेशी तिरप्या रेषेने ३० ÷ कोज्या १०° = सुमारे ३०.४६ मीटरांवर. यंत्राला फक्त अंतर कळते, दिशा कळत नाही. मधल्या तळाचा प्रतिध्वनी ३० मीटरांवर सुरू झाला की, कडेला तळापासून जवळजवळ ४५ सेंटिमीटर उंचीपर्यंत जे काही असेल ते त्याच्यामागे झाकले जाते. शिवाय ठोक्याला स्वतःची लांबी असते. सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाचा ठोका पाण्यात १५ सेंटिमीटर लांब असतो. त्यामुळे उभ्या दिशेत साडेसात सेंटिमीटरांहून जवळ असलेल्या दोन वस्तू वेगळ्या ओळखता येत नाहीत. म्हणजे कोळंबी चिखलातून बाहेर येऊन तळावर चालत असली, तरी ती यंत्राला सहसा दिसणार नाही. ती तळापासून चांगली वर उठली, तीही घोळक्याने, तरच तळाच्या रेषेवर लवीसारखी फिकट किनार दिसते.

मग यंत्राचा उपयोग काय?

उपयोग आहे, पण तो वेगळ्या दिशेने. कोळंबी दिसत नसली, तरी तिचे घर दिसते. खडकाळ तळ ध्वनीचा बराच भाग परत पाठवतो. तो ध्वनी वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागावर आपटतो (तेथे ९९९ भागांचा आरसा आहेच), पुन्हा खाली जातो आणि परततो. म्हणून ३० मीटरांवरच्या खडकाची दुसरी फिकट रेघ पडद्यावर ६० मीटरांवर उमटते. मऊ चिखलाचा प्रतिध्वनी मवाळ असतो आणि त्याची दुसरी रेघ बहुधा दिसत नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या कोळंबीला चिखल आवडतो. म्हणजे दुसरी रेघ नाहीशी झाली की, आपण कोळंबीच्या दारात आलो असे समजावे. खडकावर जाळे फाटते, तेही टळते.

नाखव्यांना मी म्हणालो, "नाखवा, कोळंबी मोजून दाखवील म्हणून यंत्र घेणार असाल, तर घेऊ नका. खोली, खडक, चिखल आणि मासळीचे थवे यांसाठी घ्यायचे असेल आणि हप्ता झेपत असेल, तर घ्या. पण दोन वारंवारतांचे घ्या आणि सोबत एक वही ठेवा."

त्यांनी ऑगस्टमध्ये तसे यंत्र घेतले. वही मात्र मुलीने ठेवली. तारीख, तिथी, उधाण की भांग, खोली, दुसरी रेघ होती की नव्हती, धुके होते की नव्हते आणि शेवटच्या रकान्यात जाळ्यात काय आले ते. वडील सांगतात आणि ती लिहून घेते. पुढे तिने ती वही मला दाखवली. धुके दिसले तेथे कधी जवळा आला होता, तर कधी नुसता गाळ आणि जेलीफिश. एका पानावर तिने समासात लिहिले होते, 'धुके नव्हते, दुसरी रेघ नव्हती, रात्र होती, कोळंबी आली.' वर सांगितलेले सारे पदार्थविज्ञान या एका ओळीत आलेले आहे. विकणारा पुरता खरा नव्हता आणि शेजारीही पुरता खरा नव्हता, हे तिने स्वतःच्या नोंदींवरून दाखवून दिले.

तिने आणखी एक प्रश्न विचारला. तो मी तुमच्यापुढे ठेवतो. "सगळ्याच बोटींना कोळंबीचे घर सापडले, तर कोळंबी राहील का?" बारीक आसाच्या जाळ्यात कोळंबीबरोबर असंख्य माशांची पिल्लेही मरतात. लपायला जागा असणे हेच आजवर कोळंबीचे संरक्षण होते. यंत्र जितके तरबेज होईल, तितकी जाळ्याच्या आसाची आणि पावसाळी बंदीची शिस्त अधिक काटेकोर पाळावी लागेल. ते काम यंत्राचे नाही, आपले आहे.

करून पाहा

१. शाळेच्या मोठ्या भिंतीपासून ५० मीटरांवर उभे राहा आणि टाळ्या वाजवा. प्रत्येक टाळीचा प्रतिध्वनी दोन टाळ्यांच्या बरोबर मध्ये ऐकू येईल, अशी लय धरा. मित्राला २० टाळ्यांच्या अंतरांचा वेळ मोजायला सांगा. तेवढ्या वेळात ध्वनी १०० × २ × २० = ४००० मीटर गेला असता. वेळ सुमारे साडेअकरा सेकंद आला, तर वेग किती?

२. पोहता येणाऱ्यांनी, मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच, पाण्याखाली दोन दगड एकमेकांवर आपटावेत. डोके पाण्याखाली असताना आवाज केवढा मोठा वाटतो आणि काठावरच्या मित्राला किती क्षीण ऐकू येतो, ते ताडून पाहा. हजारातला एक भाग कोठे आणि ९९९ भाग कोठे गेले, ते आता तुम्हीच सांगा.

३. ज्यांच्या घरी बोट आहे, त्यांनी आजच एक वही घालावी.